तिथीची पाऊणपट

पावणेसहाला निघतो आम्ही, कॉलेजच्या मिनीबसनं.
रास अल खैमा अजून झोपलेलं, एक बेकरी तेवढी उघडी.
भट्टीजवळचा अफगाण पोरगा आमच्या ड्रायव्हरला ओळखतो,
खिडकीतून दोन गरम रोट्या येतात, बसभर फिरतात.
मग खाडी.
गुडघाभर चिखल. प्लास्टिकच्या पाइपची मीटरभर चौकट.
चौकटीत किती मुळं वर आलीत श्वास घ्यायला, ते मोजायचं.
दोनशे सोळा. दोनशे सतरा.
हेस्सा अरबीत मोजते, मी मराठीत,
बेरीज इंग्रजीत होते
आणि कधीच जुळत नाही.

डॉक्टर मौझा म्हणाल्या, पान चाटून बघा.
चाटलं. मीठ.
हे झाड समुद्र पितं
आणि नको ते पानावर वाळत घालतं.
वहीत रकाना आहे, स्थानिक नाव.
हेस्सानं लिहिलं, कुर्म.
मी लिहिलं पेन्सिलनं, खोडता येईल इतकं बारीक,
तिवर.

परवा ओहोटीची वेळ मोबाइलवर शोधत होते.
बाबा चहा गाळता गाळता म्हणाले, आज तिथी कोणती?
भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर. अष्टमी.
मग कर पाऊणपट. आठाचे सहा. सहाला भरती.
आणि भांग आहे, पाणी फार चढायचं नाही.
बाबा, हे गणित जयगडच्या खाडीचं.
असू दे. इथल्यापुरतं थोडं सरकवायचं.
मी तीस वर्षं सरकवतोय.

शाळेच्या फॉर्मवर मी कायम लिहीत आले,
वडिलांचा व्यवसाय : ऑपरेटर.
कशाचा, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

या सत्राच्या प्रकल्पाला उपग्रहाची दोन चित्रं आहेत.
जुन्यात हिरवट काळं बोट, वाळवंटात शिरलेलं.
नव्यात बंगले, मशीद,
आणि एक चौक, मधोमध सिमेंटची भलीमोठी कॉफीची किटली.
बाबा चष्मा कपाळावर सरकवून वाकले
आणि पडद्यावर नख टेकवलं.
इथं आमचा पाइप होता.
तिकडनं वाळू उपसायची, इथं ओतायची.
सहा आठवडे, रात्रपाळी.
तिवरं होती छातीएवढी. सकाळी नुसते शेंडे दिसायचे.
दुसऱ्या दिवशी तेही नाही.
आपला जुना पत्ता सांगावा, तसं सांगितलं.
मग म्हणाले, आमटी गरम करू का?

पुढचा रकाना, ऱ्हासाचं कारण.
पुस्तकात शब्द आहे रिक्लमेशन,
जणू कुणी आपलंच काही परत मागून घेतलं.
बाबांचा शब्द साधा आहे, भराव.
त्या भरावातूनच मला भरवलं,
फी भरली, हे गमबूटही.
रात्री साडेअकरापर्यंत तो रकाना
मी रिकामा ठेवला.

शुक्रवारी ते आले माझ्याबरोबर.
चपला गाडीतच काढल्या, पँट दुमडली
आणि त्या काटेरी वाटाव्या अशा मुळांतून
असे चालत गेले की एकही मोडलं नाही.
माझ्या बुटाखाली तोवर तीन मोडली होती.
बोट न लावता एक बीळ दाखवलं,
यात चिंबोरी आहे, माती ओली बघ.
मी चौकट टाकली. ते उकिडवे बसले, मोजायला लागले
ओठांतल्या ओठांत, लहानपणी मासे मोजत असतील तसे,
पाचापाचानं.

हे नोंदवायचं का? त्यांनी विचारलं.
म्हटलं, हो.
एकशे नव्वद, म्हणाले. मग थांबून,
नाही, एक मघाशी दोनदा मोजलं.
एकशे एकोणनव्वद.

पाणी चढायला लागलं होतं,
त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी.
ते घड्याळाकडे बघून स्वतःवरच चिडले.